घरातला उकाडा, गारठा आणि विजेचं बिल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीपाळखीचे लोक मला घरातल्या उकाड्याबद्दल आणि विजेच्या बिलाबद्दल बरेच प्रश्न विचारतात. कारण एवढंच, की मी आधी गरजेपेक्षा मोठा एसी घेऊन फसलो आणि मग थर्मामीटर घेऊन घरभर हिंडलो. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. सगळं वाचायची गरज नाही. आपल्या अडचणीचा प्रश्न शोधा, पण पहिला मात्र वाचाच.

सुरुवात कुठून करू? कुठलं यंत्र घेऊ?

यंत्राचं सगळ्यात शेवटी बघा. बहुतेक घरांत दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असा प्रकार चाललेला असतो. छत तापतंय, पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट पलंगावर येतंय, दाराखाली बोटभर फट आहे, आणि चर्चा चाललेली असते दीड टनाचा घ्यावा की दोन टनांचा.

त्याआधी एक संध्याकाळ काढा. ऊन उतरून तास-दीड तास झाला की घरातल्या प्रत्येक भिंतीला, खिडकीच्या काचेला आणि स्टुलावर चढून छताला तळहात लावा. पंखा बंद करूनच चढा. जिथे हाताला ऊब लागेल तिथून उष्णता आत येतेय. थंड हवेच्या गावात हेच पहाटे करा आणि हाताला गार काय लागतं ते पाहा. एका कागदावर घराचा ढोबळ नकाशा काढून त्यावर खुणा करा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण पैसे कुठे घालायचे ते या कागदावरून कळतं. माझ्या कागदावर सगळ्यात मोठी खूण छतावर होती, आणि मी तोवर भिंतीला लावायच्या उष्णतारोधक रंगाची चौकशी करत होतो.

क्रम सांगायचा तर आधी ऊन बाहेरच अडवायचं, मग छत, मग फटी, मग वाऱ्याची वाट, आणि हे सगळं झाल्यावर यंत्र. थंडीच्या प्रदेशात फटी पहिल्या आणि छत दुसरं.

थर्मामीटर २८ दाखवतो, तरी खोलीत भाजल्यासारखं का वाटतं?

कारण थर्मामीटर फक्त हवेचं तापमान दाखवतो. अंगाला त्याखेरीज बरंच काही जाणवतं. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सतत बाहेर टाकत असतो. ती टाकायला जागा मिळाली की आपल्याला बरं वाटतं, अडली की जीव कासावीस होतो. ही उष्णता जाण्याच्या मुख्य वाटा तीन: भोवतालच्या हवेला, घामावाटे, आणि समोरच्या भिंती-छताकडे थेट किरणांनी. या तिसऱ्या वाटेकडे कुणाचं लक्ष नसतं. भिंत आणि छत अंगापेक्षा गार असतील तर अंगाची उष्णता त्यांच्याकडे जाते. तीच तापलेली असतील तर ही वाट जवळजवळ बंद होते, आणि छत अंगापेक्षाही गरम असेल तर उलट तेच आपल्याला शेकत राहतं.

घरात वारा मंद असेल तर एक सोपा हिशोब चालतो: हवेचं तापमान आणि भोवतालच्या पृष्ठभागांचं सरासरी तापमान यांची सरासरी अंगाला जाणवते. हवा २८ आणि भिंती-छत सरासरी ३४ असेल तर शरीराच्या लेखी ती ३१ ची खोली. म्हणून एसी लावूनही डोक्यावर तवा ठेवल्यासारखं वाटतं. आपण रिमोटवर २२, २१, २० करत खाली जातो, पाय गारठतात आणि डोकं तापलेलंच राहतं.

डेन्मार्कचे संशोधक ओले फँगर यांनी १९७० च्या सुमारास हे गणित नीट मांडलं. त्यांनी सहा गोष्टी धरल्या: हवेचं तापमान, पृष्ठभागांचं तापमान, दमटपणा, वाऱ्याचा वेग, अंगावरचे कपडे आणि माणूस करत असलेलं काम. बिलाचा सगळा बोजा आपण यातल्या पहिल्या एकाच गोष्टीवर टाकतो. बाकीच्या पाच बहुतेक स्वस्त आहेत, दोन तर फुकट.

दिवसभर ठीक असतं आणि रात्री झोपताना खोली तापते. असं का?

सिमेंटचा स्लॅब आणि विटांची भिंत उष्णता लगेच आत सोडत नाहीत. आधी स्वतः पितात, मग सावकाश आत उतरवतात. वीतभर जाडीच्या विटांच्या भिंतीतून दुपारची धग आत पोचायला सहा ते आठ तास सहज लागतात. म्हणजे दुपारी दोनचं ऊन तुम्हाला रात्री नऊ-दहाला भेटतं. मी एकदा किरणांवर चालणारा, पिस्तुलासारखा थर्मामीटर उसना आणून वरच्या मजल्यावरच्या आमच्या खोलीत रोखला. रात्री साडेनऊला बाहेर सुखद वारा, खोलीची भिंत ३३, आणि पलंगाच्या बरोब्बर वरचं छत ४१! इतके दिवस मी पंख्याला शिव्या देत होतो. बिचारा पंखा त्या छताखालची गरम हवा इमानेइतबारे खाली ढकलत होता.

याच गुणाचा उलटा उपयोगही करता येतो. रात्री बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या, शक्य तर एक खालची आणि एक वरची, म्हणजे गरम हवा वरून निघून जाते. रात्रभर भिंती गार होऊ द्यायच्या. सकाळी बाहेरचं तापमान आतल्याला गाठायच्या आत खिडक्या आणि पडदे बंद. दुपारी ‘जरा हवा येऊ दे’ म्हणून खिडकी उघडणं म्हणजे भट्टीचं दार उघडणं. कोरड्या हवेत, जिथे दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक असतो, तिथे हा उपाय फार कामाचा. दमट किनाऱ्यावर रात्रही तशीच चिकट असते. तिथे यावर विसंबू नका, वारा खेळता ठेवा.

छताला बाहेरून पांढरा रंग द्यावा की आतून थर्माकोल लावावं?

वरचा मजला असेल तर सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्वच्छ आकाशात भर दुपारी छताच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट ऊन पडतं. काळपट छत त्यातलं ८० टक्क्यांहून जास्त पिऊन टाकतं. ताजा, चांगल्या प्रतीचा पांढरा थर जवळजवळ तेवढंच परत पाठवतो. हा बदल एका दुपारच्या कामात होतो, त्यासाठी काही फोडावं लागत नाही. आम्ही थर दिल्यानंतर तशाच एका रात्री त्याच जागी ३५ दिसलं. ही काही प्रयोगशाळेतली मोजणी नव्हे, पण झोप लागायला तेवढं पुरलं.

तीन गोष्टी सांभाळा. रंग देण्याआधी छत घासून, धुऊन, पूर्ण वाळू द्या. धुळीवर दिलेला थर पहिल्याच पावसात पापुद्र्यांनी सुटतो. दुसरं, धूळ आणि शेवाळ बसलं की पांढरेपणा जातो आणि गुणही जातो, तेव्हा वर्षातून एकदा धुवावं लागतं. तिसरं, थंड प्रदेशात हिवाळ्यात ऊन हवंहवंसं असतं, तिथे पांढऱ्या छताचा तोटाही होऊ शकतो.

चकचकीत पत्र्याबद्दल एक मजेशीर गोष्ट. तो आरशासारखा चमकतो म्हणून गार राहत असेल असं वाटतं, पण हात लावला तर भाजतो. ऊन परतवण्यात तो बरा असतो, पण जी उष्णता आत शिरली ती किरणांनी बाहेर टाकण्यात उघडा धातू फार कंजूष. पांढरा रंग ही दोन्ही कामं करतो. म्हणून पत्र्यावरही पांढरा थर द्यावा.

आता थर्माकोल. उष्णता अडवण्याचं खरं काम करते ती त्यात कोंडलेली हवा. पाच सेंटिमीटर थर्माकोल साधारण एक मीटर जाडीच्या विटांच्या भिंतीइतकी उष्णता अडवतं. कागदावर हे झकास दिसतं, पण ते लावायचं कुठे हा प्रश्न आहे. स्लॅबच्या वर लावलं तर स्लॅब मुळात तापतच नाही, हे उत्तम. मात्र त्यावर वॉटरप्रूफिंग आणि चालण्यासारखा कठीण थर लागतो, म्हणजे काम मोठं. आतून लावलं तर सोपं पडतं, पण स्लॅब तापतोच आणि फक्त आपल्यापर्यंत पोचत नाही. शिवाय उघडं थर्माकोल आगीला धोकादायक: पटकन पेटतं आणि धूर विषारी. आतून लावायचंच असेल तर त्यावर जिप्सम बोर्डासारखा न पेटणारा थर हवाच.

माझं मत विचाराल तर आधी पांढरा थर द्या, एक उन्हाळा काढा आणि मग ठरवा. गच्चीवर कुंड्या किंवा बाग करण्याआधी वजन आणि गळती यांबद्दल जाणकाराला दाखवा. झाडांची सावली सुंदर असते, पण स्लॅबमध्ये मुरणारं पाणी नंतर फार महागात पडतं.

जाड पडदे लावले तरी खोली तापते. पडदे निरुपयोगी आहेत का?

निरुपयोगी नाहीत, पण चुकीच्या बाजूला आहेत. ऊन काचेतून सहज आत येतं. पडद्यावर पडलं की त्याची उष्णता होते, आणि ती उष्णता काचेतून परत जाऊ शकत नाही, कारण तापलेल्या वस्तूचे किरण काच अडवते. म्हणजे पडदा दुपारभर शेगडीसारखा तापतो आणि खोलीला शेकतो. पांढरं अस्तर असलेला पडदा थोडं ऊन काचेतूनच परत पाठवतो, म्हणून तो गडद पडद्यापेक्षा बरा.

ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर. बाहेरून बांबूची चिक, ताडपत्रीचा पडदा, लाकडी झडपा, सावलीची जाळी, वेल, काहीही चालेल. दुपारी चारच्या थेट उन्हात पश्चिमेच्या उघड्या काचेच्या प्रत्येक चौरस मीटरमधून ५०० वॅटच्या वर उष्णता सहज आत येते. दोन चौरस मीटरची खिडकी म्हणजे खोलीत एक हीटर लावून ठेवल्यासारखं झालं, आणि आपण त्याच हीटरशी एसीची झुंज लावतो.

दिशेप्रमाणे उपाय बदलतो. विषुववृत्ताकडे तोंड असलेल्या खिडकीवर ऊन दुपारी उंचावरून येतं, तिथे दोन-अडीच फुटांचा छज्जा छान काम करतो. हिवाळ्यात सूर्य खाली असतो तेव्हा तोच छज्जा ऊन आत येऊ देतो, अगदी हवं तसं. पूर्व आणि पश्चिमेला मात्र सूर्य समोरून, जमिनीलगत येतो. तिथे छज्जा कितीही लांब काढा, ऊन त्याखालून शिरतंच. तिथे उभा आडोसाच हवा. इमारतीचं रूप बिघडतं म्हणून बाहेर काही लावायची परवानगी नसेल तर काचेला उष्णता परतवणारी फिल्म हा मधला मार्ग. तिने उजेड थोडा कमी होतो, हे आधी नमुना लावून बघा.

फटी कशा शोधायच्या?

उदबत्ती पेटवून. वारा असलेल्या दिवशी घरातले पंखे बंद करा, दारं-खिडक्या लावा, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा आणि उदबत्ती चौकटीच्या कडेने सावकाश फिरवा. जिथे धूर आडवा पळतो तिथे फट आहे. पडद्यांपासून जपून.

दाराच्या खालची फट, सरकत्या खिडकीच्या दोन तावदानांमधली जागा, एसीचा पाइप जातो ते भोक, जुन्या विंडो एसीची रिकामी चौकट, या नेहमीच्या जागा. दाराला खालून ब्रशची किंवा रबरी पट्टी, चौकटीला चिकटपट्टीसारखा फोम आणि भोकाला सिलिकॉन किंवा पुट्टी एवढं पुरतं. फोमची पट्टी जाड घेऊ नका, दार लागत नाही आणि मग चार दिवसांत कुणीतरी वैतागून ती उपटून टाकतं. आमच्या घरात ते ‘कुणीतरी’ मीच होतो.

सगळ्या फटी बुजवल्या तर गुदमरायला होणार नाही का?

योग्य शंका आहे. फट म्हणजे वायुवीजन नव्हे. फटीतून हवा नको तेव्हा येते आणि हवी तेव्हा येत नाही. १९९१ साली जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरात चार कुटुंबांसाठी पहिलं ‘पॅसिव्ह हाउस’, म्हणजे अगदी थोड्या ऊर्जेत उबदार राहणारं घर, उभं राहिलं. त्या पद्धतीचं घर इतकं हवाबंद असावं लागतं, की चाचणीत ५० पास्कल दाब दिल्यावरही तासाला घरातल्या हवेच्या ०.६ पटच गळती चालते. तरीही तिथे कुणी गुदमरत नाही, कारण ताजी हवा यंत्राने ठरवून आत घेतली जाते आणि बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब तिला दिली जाते. आपल्या साध्या घरात हे काम दिवसातून दोन-तीनदा दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडून आणि स्वयंपाकघर-न्हाणीघरातले एक्झॉस्ट पंखे वापरून भागतं.

एका बाबतीत मात्र तडजोड नाही. घरात गॅसचा गिझर, कोळशाची शेगडी किंवा जळणावरचा हीटर असेल तर त्या खोलीची हवेची जागा कधीही बुजवू नका. अपुऱ्या हवेत जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो झोपेतच माणूस मारतो. बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर तर नकोच.

खोलीत कुणी नसताना पंखा चालू ठेवला तर खोली गार राहते का?

नाही. पंखा माणसाला गार करतो, खोलीला नाही. उलट त्याची मोटर खोलीत थोडी उष्णताच सोडते. उठताना बटण बंद करा.

माणूस खोलीत असेल तेव्हा मात्र पंख्यासारखी स्वस्त सोय नाही. अंगावरून बऱ्यापैकी वारा गेला की खोली दोन-तीन अंशांनी गार असल्यासारखी वाटते. पण हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा अंगावर गरम वाराच मारतो. अशा वेळी म्हाताऱ्या माणसांना नुसत्या पंख्याखाली ठेवू नका. अंग ओल्या फडक्याने पुसत राहा आणि घरातल्या सगळ्यात गार खोलीत हलवा.

रेग्युलेटर कमी केला तर वीज वाचते का?

जुना, बैठ्या डब्यासारखा, हाताला गरम लागणारा रेग्युलेटर असेल तर फारशी नाही. पंख्याची वाचलेली वीज तो स्वतःच उष्णतेत घालवतो. इलेक्ट्रॉनिक असेल तर वाचते. खरी बचत बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या) मोटरच्या पंख्यात आहे: जुना छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, हा साधारण तेवढ्याच वाऱ्याला ३० च्या आसपास. दिवसाला पंधरा-सोळा तास फिरणारा पंखा आधी बदला. पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्या.

एसी किती टनाचा घ्यावा आणि किती अंशांवर ठेवावा?

टन हे एसीचं वजन नाही. बर्फाच्या जमान्यातलं ते माप आहे: एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढतो तेवढी. वॅटच्या भाषेत सुमारे ३,५०० वॅट. म्हणजे दीड टनाचा एसी खोलीतून पाच हजार वॅटच्या वर उष्णता उपसू शकतो, आणि तेवढं उपसायला मीटरवरून साधारण दीड हजार वॅट घेतो.

किती टनाचा हे नुसत्या चौरस फुटांवर ठरत नाही. छत उघडं आहे का, पश्चिमेला काच किती, खोलीत माणसं किती, यावर ठरतं. छत आणि खिडकी आधी सुधारलीत तर लहान एसी पुरतो. मोठाच घेऊ, लवकर गार करेल, हा माझा डाव कसा फसला ते सांगतो. माझा एसी जुन्या, एकाच वेगाच्या पद्धतीचा होता. मोठा असल्यामुळे हवा पाच मिनिटांत गार करून तो बंद पडायचा. पण हवेतली वाफ पाण्याच्या रूपात बाहेर काढायला गार कॉइलवरून बराच वेळ हवा जावी लागते. तेवढा वेळच मिळत नसे. खोली गार पण दमट, चादर ओलसर, आणि दर थोड्या वेळाने कॉम्प्रेसरचा धडाका. इन्व्हर्टर एसी वेग कमी करून चालत राहतो म्हणून हा त्रास तिथे कमी, पण वाजवीपेक्षा फार मोठा असेल तर तिथेही होतो.

रिमोटवर १६ केल्याने खोली लवकर गार होत नाही. खोली तापलेली असताना यंत्र २५ वरही पूर्ण जोरानेच धावतं. १६ वर फक्त ते थांबायचं नाव घेत नाही. २६ ते २७ वर ठेवा आणि मंद पंखा लावा. वर नेलेल्या प्रत्येक अंशामागे काही टक्के वीज वाचते. जाळी दर दोन-तीन आठवड्यांनी नळाखाली धुवा. बाहेरच्या युनिटसमोर भिंत, कपाट किंवा वाळत घातलेल्या चादरी नसाव्यात. त्याला गरम हवा फेकायला मोकळी जागा मिळाली नाही तर तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो.

कूलर बरा की एसी?

कोरडी हवा असेल तर कूलर, आणि तोही निःशंक. एक लिटर पाणी उडून जाताना हवेतून सुमारे ०.६७ युनिट उष्णता ओढून घेतं, आणि वीज लागते ती फक्त पंख्याला व छोट्या पंपाला. पण कूलर लावून खिडक्या बंद केल्या तर तासाभरात खोलीत वाफारा भरतो. समोरची खिडकी अर्धी उघडी हवी. पावसाळ्यात आणि समुद्रकाठी कूलर म्हणजे नुसता ओला वारा. टाकीतलं पाणी दर आठवड्याला बदलून टाकी घासा, नाहीतर डासांची पैदास घरातच होते.

गिझर दिवसभर चालू ठेवणं स्वस्त की लागेल तेव्हा लावणं?

लागेल तेव्हा लावणं. चालू ठेवल्याने पुन्हा तापवायची वीज वाचते हा गोड गैरसमज आहे. पाणी जितका वेळ गरम राहतं तितका वेळ टाकीतून उष्णता झिरपत राहते, आणि ती भरून काढायला मीटर फिरतो.

हिशोब सोपा आहे. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट लागतं. चारजण लागोपाठ आंघोळीला गेले तर एकाच तापवणुकीत बरंच भागतं. सकाळी सहाला एक, आठला दुसरा, दहाला तिसरा असं झालं की मधल्या वेळची गळती सगळी आपल्या बिलात. थर्मोस्टॅट ५० च्या खाली उतरवून वीज वाचवायचा मोह होतो, पण साठवलेल्या कोमट पाण्यात लेजिओनेला नावाचे जंतू वाढू शकतात. साठवणीच्या टाकीला ६० ठीक, आणि अंगावर घेताना गार पाणी मिसळा.

शॉवरचं तोंड बदलणं हा सगळ्यात दुर्लक्षित उपाय. मिनिटाला निम्मं पाणी पडलं तर गरम पाण्यावरचा खर्चही जवळजवळ निम्मा.

फ्रिजचं काय?

आत ४ अंश आणि फ्रीझरमध्ये उणे १८ पुरे. भिंतीपासून थोडा पुढे ओढा, गॅसच्या शेगडीशेजारून हलवा, आणि दारात कागद अडकवून ओढून बघा. सहज निसटला तर रबर गेलं. रबर बदलून मिळतं, त्यासाठी फ्रिज बदलायची गरज नसते.

टीव्ही, चार्जर वगैरे बटणावरून बंद करायलाच हवेत का?

एक वॅट वर्षभर चालू राहिला तर ८.७६ युनिट होतात. मोबाइलचा रिकामा चार्जर एवढीही घेत नाही, त्यासाठी भांडू नका. दहा वॅट घेणारा सेट टॉप बॉक्स मात्र वर्षाला ८७ युनिट खातो, तेही टीव्ही बंद असताना. तो, जुना होम थिएटर आणि प्रिंटर एका एक्स्टेंशन बोर्डवर घ्या आणि झोपताना एकच बटण दाबा.

एलईडी दिव्यांनी घर खरंच कमी तापतं का?

हो. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब ९० टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेत घालवायचा. तेवढाच उजेड एलईडी आठ-नऊ वॅटमध्ये देतो. बाकी या विषयात सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. अजून पिवळे बल्ब असतील तर आजच बदला.

हिवाळ्यात भिंतींना ओल आणि कोपऱ्यांत काळी बुरशी येते. गळती आहे का?

दरवेळी नसते. श्वास, स्वयंपाक, आंघोळ आणि घरात वाळत घातलेले कपडे यांची वाफ हवेत साठते. खोली २० अंशांची आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर साडेचौदाच्या आसपास किंवा त्याखाली गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर ती वाफ पाणी होऊन बसते. बाहेरच्या भिंतीचा कोपरा, कपाटामागची भिंत, खिडकीच्या कडा या जागा सगळ्यात गार. बुरशीला तर दव पडायचीही वाट बघावी लागत नाही, भिंतीलगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास राहिली तरी पुरतं.

म्हणून नुसतं खरवडून रंग दिला तर दोन महिन्यांत तीच नक्षी परत उमटते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, स्वयंपाकाच्या वेळी एक्झॉस्ट लावा, कपडे बाहेर वाळवा आणि रोज थोडा वेळ खिडक्या उघडा. डाग पावसाळ्यात मोठा होत असेल, किंवा वरच्या न्हाणीघराच्या बरोबर खाली असेल, तर मात्र गळतीच समजा आणि प्लंबर बोलवा.

थंड प्रदेशात बिल वाचवण्यासाठी घर फार गारठू देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शनात थंडीच्या दिवसांत घरातलं किमान तापमान १८ अंश सुचवलं आहे, लहान मुलं आणि वृद्ध असतील तर त्याहून थोडं जास्त.

घर भाड्याचं आहे. काय करता येईल?

घर सोडताना बरोबर नेता येईल असं सगळं. बाहेरची चिक, दाराखालची पट्टी, आपला बीएलडीसी पंखा (जुना काढून माळ्यावर ठेवा, जाताना परत लावा), शॉवरचं तोंड. छताच्या पांढऱ्या थराबद्दल मालकांशी बोला. खर्च वाटून घ्यायला ते कधी कधी तयार होतात, कारण त्यांचा स्लॅबही कमी तापतो आणि कमी तडकतो. पलंग सर्वांत तापणाऱ्या भिंतीपासून हलवणं तर फुकटच.

छतावर सोलर पॅनल आधी लावू का?

लावा, पण आधी वापर कमी करा. आधी कळस मग पाया झालं, की लागतं त्याहून मोठं सोलर बसवलं जातं. पॅनलची सावली छतावर पडते हा वरकड फायदा, मात्र पॅनल आणि छत यांच्यामध्ये वारा खेळायला जागा हवी. पाणी तापवायला वीज तयार करण्यापेक्षा उन्हावर थेट पाणी तापवणारा बंब कमी जागेत जास्त काम करतो. उंच इमारतीत खालच्या मजल्यांपर्यंत गरम पाणी यायला किती वेळ लागतो ते मात्र आधी विचारा.

सगळं केलं, तरी बिल होतं तेवढंच. असं कसं?

दोन कारणं असू शकतात. पहिलं माणसाचं. विल्यम स्टॅनली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच लिहून ठेवलं, की इंजिनं कमी कोळशात चालू लागली तेव्हा देशाचा कोळशाचा खप वाढला. घरातही तसंच होतं. पंखा कमी वीज खातो म्हणून चोवीस तास फिरतो, नवा एसी काटकसरी म्हणून हॉलमध्येही एक बसतो. त्यातून घरच्यांना जास्त आराम मिळत असेल तर त्यात वाईट काही नाही, फक्त ते बिलात दिसणार नाही एवढं धरून चाला.

दुसरं कारण बिल वाचण्याच्या पद्धतीत. मागच्या महिन्याशी तुलना करू नका, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, आणि रुपयांऐवजी युनिट पाहा, कारण दर बदलत असतात. त्याहून चांगलं म्हणजे आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी मीटरचा आकडा लिहून ठेवणं. मीटरच्या डब्याच्या दारावर आतून कागद चिकटवा आणि दोऱ्याला पेन्सिल बांधा, पेन तिथे टिकत नाही. एखाद्या आठवड्यात आकडा उसळला तर एका रात्री फ्रिजसकट सगळं बंद करून मीटरचा दिवा लुकलुकतोय का ते बघा. आमचा लुकलुकत होता. शोधता शोधता गच्चीवरच्या टाकीपाशी पोचलो, तर पाण्याच्या पंपाचा फ्लोट अडकला होता आणि पंप रात्रभर टाकी ओसंडत होता.